हा आकडा कुठल्या स्क्रिप्टने काढला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांचा गट. रोजचं काम म्हणजे डेटा आणणं, तो साफ करणं, मोजणं आणि शेवटी अहवालासाठी तक्ते काढणं. त्यासाठी बॅश आणि पायथनच्या मिळून तीसेक स्क्रिप्ट आहेत आणि त्या एका सामायिक ड्राइव्हवर पडून आहेत: ‘क्लीन_फायनल’, ‘क्लीन_फायनल_२’, ‘क्लीन_नवीन_हीच_वापरा’. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं आहे की या स्क्रिप्ट गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्यांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) टाकाव्यात का, टाकल्या तर एकच रेपो (गिट ज्याचा इतिहास ठेवतं ते फोल्डर) करावा की प्रत्येक कामाचा वेगळा, डेटाही सोबत ठेवावा का, आणि गटातल्या ज्या दोघांना गिट अजिबात येत नाही त्यांचं काय करायचं.

गिटमध्ये टाका, हे आधीच सांगून टाकते. याच प्रकारच्या स्क्रिप्ट लिहिणं आणि सांभाळणं हेच गेली बारा-तेरा वर्षं माझं काम आहे, आणि याबाबतीत माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

पण स्क्रिप्ट कुठे ठेवाव्यात, ही तुमची खरी अडचण आहे असं मला वाटत नाही. ठेवायला ड्राइव्ह पुरेसा आहे, त्याचा बॅकअपही होत असेल. अडचण तेव्हा येते जेव्हा तीन महिन्यांपूर्वी पाठवलेल्या तक्त्यातल्या एका आकड्यावर कोणी बोट ठेवतं आणि विचारतं, हा कसा आला? तेव्हा कुठली स्क्रिप्ट चालवली होती, तिच्यात त्या दिवशी काय लिहिलेलं होतं, ती कुठल्या डेटावर चालवली होती, हे सांगता आलं पाहिजे. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून आहे.

मला हे कळलं ते एका तक्त्यामुळे. आमच्या गटात दोघींनी एकाच इनपुट फाइलवर, एकाच नावाची स्क्रिप्ट चालवून दोन वेगळे आकडे काढले. फरक काही शेकड्यांचा होता. दोघींनी पुन्हा चालवून पाहिलं, दोघींचे आकडे जिथल्या तिथे. मग आम्ही डेटा तपासला, पायथनची आवृत्ती तपासली, तारखांचं फॉर्मॅट तपासलं. दोन दिवस गेल्यावर दोन्ही लॅपटॉपवरच्या स्क्रिप्ट एका ठिकाणी आणून डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) चालवला. पडद्यावर दोनच ओळी आल्या. एक उणे चिन्हाची, एक अधिक चिन्हाची. एका प्रतीत कटऑफ ‘३० पेक्षा जास्त’ होता, दुसरीत ‘३० किंवा जास्त’. बरोबर ३० असलेल्या नोंदी एकीकडे धरल्या जात होत्या, दुसरीकडे गळत होत्या. हा बदल चुकीने झालेलाच नव्हता. एका अहवालासाठी तो मुद्दाम, विचारून केला होता, फक्त तो एकाच लॅपटॉपवर राहिला होता. आमचे दोन दिवस चूक शोधण्यात गेले नाहीत, प्रती शोधण्यात गेले. स्क्रिप्ट गिटमध्ये असती तर गिट ब्लेमने त्या ओळीपुढे नाव आणि तारीख दाखवली असती, आणि कमिटच्या (गिटमध्ये केलेल्या बदलाच्या नोंदीच्या) मेसेजमध्ये कारण सापडलं असतं.

आता, कशावर काय अवलंबून आहे तेही मोकळेपणाने सांगते. तुमच्या स्क्रिप्ट प्रत्येकाच्या लॅपटॉपवर चालतात की एका सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप), यावर बरंच ठरतं. डेटा खासगी स्वरूपाचा असेल तर रेपो बाहेरच्या सेवेवर ठेवता येईल की स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवावा लागेल, हे तुमच्या संस्थेच्या नियमांनी ठरेल. आणि वर्कफ्लो जर चौकोन-बाण जोडून बनवायच्या एखाद्या साधनात असेल, तर ते साधन निर्यात करतं ती जेसन किंवा एक्सएमएल फाइल गिटमध्ये ठेवता येते खरी, पण तिच्यातला फरक माणसाने वाचण्याजोगा क्वचितच असतो. तुमच्या बॅश आणि पायथनच्या फाइल साध्या मजकुराच्या आहेत, म्हणून तुमचं काम सोपं आहे.

गिटच का, असंही विचारलं जातं. आवृत्त्या सांभाळणारी साधनं जुनी आहेत. बेल लॅब्समध्ये १९७२ मध्ये एससीसीएस आलं, मग १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांचं आरसीएस. ही दोन्ही एकेका फाइलचा वेगळा इतिहास ठेवत. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलेलं गिट संपूर्ण फोल्डरची त्या क्षणाची स्थिती एका कमिटमध्ये धरतं. वर्कफ्लोसाठी हाच फरक महत्त्वाचा आहे. तिसऱ्या पायरीच्या स्क्रिप्टने कॉलमचं नाव बदललं की चौथ्या पायरीची स्क्रिप्टही बदलावी लागते. या दोन्ही बदलांना स्वतंत्रपणे अर्थ नाही. एका कमिटमध्ये दोन्ही असले, की कधीही मागे जा, एकमेकींशी जुळणाऱ्या स्क्रिप्टच हाती येतात. शिवाय गिटच्या प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे रेपोच्या प्रतीत, पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी काम अडत नाही.

सुरुवात कशी करावी? सर्वांत आधी एक गोष्ट करू नका: साफसफाई. बहुतेक गट इथेच अडकतात. आधी नावं नीट करू, फोल्डर लावून घेऊ, मग गिटमध्ये टाकू, असं म्हणतात आणि सहा महिने तसेच जातात. ड्राइव्हवरच्या स्क्रिप्ट (डेटा आणि पासवर्ड सोडून) जशा आहेत तशाच पहिल्या कमिटमध्ये जाऊ द्या, मेसेजही तोच लिहा: ‘ड्राइव्हवर जसं होतं तसं’. त्यानंतरची सगळी आवराआवर पुढच्या कमिटमध्ये करा, म्हणजे आवरताना काही मोडलं तर परत जाता येतं. ‘फायनल’, ‘फायनल_२’ अशा साखळीतल्या ज्या एक-दोन स्क्रिप्टवरून खरोखर अहवाल गेले आहेत, त्यांच्यापुरतं मी थोडं जास्त करते. जुन्यापासून नव्यापर्यंत एकेक प्रत एकाच नावाने ठेवून कमिट करते आणि कमिटला ‘डेट’ पर्याय देऊन त्या फाइलची जुनी तारीख लावते. तासाभराचं काम आहे, पण त्या स्क्रिप्टचा हरवलेला इतिहास बऱ्यापैकी परत मिळतो.

पहिल्या कमिटच्या आधी आणखी एक गोष्ट कराच. कोणी विंडोजवर आणि कोणी लिनक्सवर काम करत असेल तर ओळीच्या शेवटी असलेल्या अदृश्य चिन्हांवरून त्रास होतो. विंडोजवर ओळ दोन चिन्हांनी संपते, लिनक्सवर एका. विंडोजवर जतन केलेली बॅश स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’ अशी तक्रार येते आणि पहिली ओळ कितीही वेळा वाचली तरी तिच्यात काही चूक दिसत नाही, कारण चूक दिसणाऱ्या अक्षरांत नसतेच. रेपोमध्ये ‘डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाची फाइल करून शेल स्क्रिप्टच्या ओळी नेहमी एलएफनेच (लिनक्सच्या त्या एका चिन्हानेच) संपाव्यात असं एका ओळीत लिहून ठेवलं की हा विषय संपतो. असंच परवानगीचं. फाइल चालवता येण्याजोगी आहे की नाही एवढी एकच परवानगी गिट लक्षात ठेवतं, आणि विंडोजवरून जोडलेल्या स्क्रिप्टवर ती बहुधा लागत नाही. ‘अपडेट-इंडेक्स’ला ‘सीएचमॉड’ पर्याय देऊन ती एकदा लावून टाका.

आता डेटा. कच्चा डेटा आणि निघालेले तक्ते रेपोमध्ये ठेवू नका. मजकुराच्या छोट्या बदलांसाठी गिट उत्तम आहे. मोठी बायनरी फाइल मात्र बदलली की जवळजवळ पूर्ण नवी प्रत इतिहासात जाते, ती तिथेच राहते आणि प्रत्येक नव्या क्लोनला ती उतरवून घ्यावी लागते. नंतर फाइल काढून टाकली तरी रेपोचा आकार कमी होत नाही. गिटहबसारखी सेवा तर १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस आहे, पण तुमच्या वर्णनावरून मला त्याची गरज वाटत नाही. त्याऐवजी मी काय करते ते सांगते. प्रत्येक इनपुट फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलीवरून काढलेला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून एका छोट्या मजकूर फाइलमध्ये ठेवते: फाइलचं नाव, चेकसम, कुठून आणि कधी घेतली. ही फाइल रेपोमध्ये जाते. डेटा ड्राइव्हवरच राहतो, पण तो बदलला की चेकसम जुळत नाही आणि स्क्रिप्ट सुरुवातीलाच थांबते. दोन-चार केबीच्या फाइलवर काम भागतं. याशिवाय वीस-पंचवीस ओळींचा बनावट डेटा मात्र रेपोमध्ये जरूर ठेवा, म्हणजे नव्या माणसाला क्लोन केल्या केल्या सगळा वर्कफ्लो एकदा चालवून पाहता येतो.

पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली) याबाबतीत मी कडक आहे. चुकून कमिट झालेली की पुढच्या कमिटमध्ये पुसली म्हणजे गेली असं अनेकांना वाटतं. ती इतिहासात तशीच असते, आणि ज्याच्याकडे क्लोन आहे त्याला एका कमांडमध्ये वाचता येते. असं झालंच तर आधी ती की रद्द करून नवी घ्या. इतिहास साफ करणं त्यानंतर. त्यासाठी ‘फिल्टर-रेपो’ हे साधन आहे, पण त्यानंतर कमिटचे हॅश (प्रत्येक कमिटची ओळख सांगणारी अक्षरं) बदलतात आणि सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागतं. आणखी एक गैरसमज ‘डॉट गिटइग्नोर’बद्दलचा. जी फाइल आधीच गिटच्या नोंदीत आहे तिच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ पर्याय देऊन ती आधी नोंदीतून काढावी लागते.

यापुढचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

स्क्रिप्ट शेअर करायची म्हणजे दुसऱ्याने तिच्यात एक अक्षरही न बदलता ती चालली पाहिजे. तुमच्या स्क्रिप्टच्या पहिल्या दहा ओळी उघडून बघा. तिथे कोणाच्या तरी होम फोल्डरचा पाथ लिहिलेला असणार. दुसरा माणूस ती घेतो, पाथ बदलतो, आणि त्या क्षणी तिची स्वतंत्र प्रत तयार होते. गिट आणल्यावरही हे थांबत नाही. उलट पुल करताना (इतरांचे बदल आपल्याकडे आणताना) गिट सांगतं की तुमचे बदल पुसले जातील, आधी त्यांचं काहीतरी करा. मग लोक वैतागून फोल्डरची कॉपी मारतात आणि आपण पुन्हा ‘फायनल_२’वर येतो.

यावर मी एक नियम पाळते. मशीननुसार जे बदलतं ते गिटच्या बाहेर, आणि निकाल ज्याने बदलतो ते गिटच्या आत. डेटाचा पाथ, तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, किती प्रोसेसर वापरायचे, डेटाबेसचा पासवर्ड: हे प्रत्येकाच्या स्थानिक कॉन्फिगमध्ये, आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये. रेपोमध्ये तिचा फक्त नमुना, रिकाम्या जागा ठेवून. आणि कटऑफ, वगळायच्या नोंदींची यादी, कुठल्या तारखेपासून मोजायचं, रँडम सीड: हे सगळं दुसऱ्या कॉन्फिगमध्ये, आणि ती फाइल सक्तीने रेपोमध्ये. बहुतेक गट एकच कॉन्फिग फाइल करतात, तिच्यात पासवर्ड असतो म्हणून ती पूर्ण फाइल गिटच्या बाहेर ठेवतात, आणि तिच्याबरोबर कटऑफही बाहेर राहतो. म्हणजे स्क्रिप्टची प्रत्येक ओळ जपली जाते आणि ज्या आकड्यावरून वाद होणार तो मात्र कुठेच नोंदला जात नाही. आमचा तो ‘३० किंवा जास्त’ असाच निसटला असता, गिट असूनही.

दुसरी गोष्ट म्हणजे निकालावर शिक्का. आमची प्रत्येक स्क्रिप्ट चालू होताच ‘गिट डिस्क्राइब’ ही कमांड ‘ऑल्वेज’ आणि ‘डर्टी’ हे दोन पर्याय देऊन चालवते आणि जे उत्तर येईल ते लॉगमध्ये आणि तक्त्याच्या तळाशी छापते. ते दिसतं असं: ‘व्ही१.४-३-जी९एफ२सी१बी०-डर्टी’. वाचायचं कसं? व्ही१.४ हा शेवटचा टॅग, म्हणजे एखाद्या कमिटला दिलेलं नाव. त्यानंतर ३ कमिट झाले आहेत. ‘जी’ नंतरची अक्षरं म्हणजे चालू कमिटच्या हॅशचा सुरुवातीचा तुकडा. आणि शेवटचं ‘डर्टी’ म्हणजे कमिट न केलेले बदल स्क्रिप्टमध्ये असताना हा निकाल काढला गेला आहे. आमच्याकडे ‘डर्टी’ शिक्क्याचा तक्ता गटाबाहेर जात नाही. कमिट करायचं, पुन्हा चालवायचं, मग पाठवायचं. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण तीन महिन्यांनी कोणी आकडा विचारला की तळाचा शिक्का बघून तोच कमिट चेकआउट करता येतो आणि पाच मिनिटांत स्क्रिप्ट त्या दिवशी होती तशी समोर असते. दोन बारकावे लक्षात ठेवा. डिस्क्राइबला सहज दिसतात ते ‘ए’ पर्याय देऊन, मेसेजसह लावलेले टॅग, नुसते लावलेले नाहीत. आणि गिटला कधी सांगितलीच नाही अशी नवी फाइल फोल्डरमध्ये पडलेली असेल तर ‘डर्टी’ येत नाही. म्हणून मी पाठवण्याआधी ‘गिट स्टेटस’ही बघते.

शिक्का जुळला तरी निकाल वेगळा येऊ शकतो, कारण स्क्रिप्टखाली भाषा आणि लायब्ररी असतात. पायथन २ मध्ये २.५ चं राउंड ३ येत असे, पायथन ३ मध्ये ते २ येतं, कारण बरोबर मधला आकडा आता जवळच्या सम संख्येकडे जातो. आर भाषेच्या ४.० आवृत्तीने २०२० मध्ये डेटा वाचताना मजकुराचे आपोआप फॅक्टर (ठरावीक वर्ग) करणं थांबवलं, आणि जुन्या स्क्रिप्टचं वागणं बदललं. म्हणून लायब्ररींची यादी नेमक्या आवृत्त्यांसह रेपोमध्ये ठेवा. लायब्ररी बसवणाऱ्या पिपची रिक्वायरमेंट्स फाइल असो वा कोंडाची एन्व्हायर्नमेंट फाइल, दोन्ही चालतील. कंटेनर (भाषा आणि लायब्ररींसकट सगळं एकत्र बांधलेलं) वापरणं आणखी पक्कं, पण तो पहिल्या महिन्याचा विषय नाही.

एक रेपो की अनेक? जे बरोबर बदलतं ते बरोबर ठेवा. तीस स्क्रिप्ट आणि सहा माणसं असताना मी एकच रेपो करेन, आत कामानुसार फोल्डर. पुढे एखादा भाग वेगळा काढायचा झाला तर इतिहासासकट काढता येतो. वेगवेगळे रेपो नंतर एकत्र करणं जास्त किचकट. सगळीकडे लागणारी फंक्शन्स, म्हणजे तारखा वाचणं, लॉग लिहिणं वगैरे, यांच्यासाठी कोणी सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेला दुसरा रेपो) सुचवेल. नव्या गटाला मी ते सुचवत नाही, कारण क्लोन करताना विसरतात आणि रिकामं फोल्डर बघून गोंधळतात. त्या फंक्शन्सचं छोटं पायथन पॅकेज करा. पिपला गिटचा पत्ता आणि टॅग देऊन ते थेट बसवता येतं.

आणि स्क्रिप्ट कुठल्या क्रमाने चालवायच्या हे कुठे लिहिलं आहे? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, त्यावरून तो क्रम कोणाच्या तरी डोक्यात असावा असा माझा अंदाज आहे. मग तो क्रम म्हणजे न लिहिलेली एकतिसावी स्क्रिप्ट आहे. साधी मेकफाइल (पायऱ्यांचा क्रम लिहिलेली फाइल) पुरते. पायऱ्या वाढल्या, क्लस्टरवर चालवायची वेळ आली तर स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो ही वर्कफ्लो चालवणारी साधनं बघा. नेक्स्टफ्लोला रेपोचा पत्ता आणि टॅग दिला की तो स्वतः वर्कफ्लो आणून चालवतो, कोणाला कॉपी करावी लागत नाही. सर्व्हरवर क्रॉन असेल तर क्रॉनटॅबचा मजकूरही रेपोमध्ये ठेवा. सर्व्हरवरचं फोल्डर हा एक क्लोनच असावा, ठरलेल्या टॅगवर उभा, आणि तिथे कोणीही हाताने संपादन करू नये. रात्री काही अडलं आणि तिथेच दुरुस्ती करावी लागली, तर सकाळी पहिलं काम ती दुरुस्ती कमिटमध्ये आणण्याचं.

ज्युपिटर नोटबुकबद्दल थोडक्यात: ती आतून जेसन असते आणि चित्रांसकट आउटपुट तिच्यातच साठतं, त्यामुळे एका ओळीच्या बदलाचा डिफ शेकडो ओळींचा होतो. ‘एनबीस्ट्रिपआउट’ लावून आउटपुट काढूनच कमिट करा. आणि जो भाग दर महिन्याला चालतो तो नोटबुकमधून उचलून साध्या पायथन फाइलमध्ये हलवा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आहे तसं कमिट करा, डेटा बाहेर आणि त्याचा चेकसम आत, मशीनचं कॉन्फिग बाहेर आणि निकालाचं कॉन्फिग आत, प्रत्येक तक्त्यावर शिक्का, लायब्ररींच्या आवृत्त्या लिहिलेल्या, आणि क्रम मेकफाइलमध्ये.

कमिटच्या मेसेजवर माझा फार भर असतो. ‘क्लीन डॉट पाय बदलली’ असा मेसेज निरुपयोगी आहे, काय बदललं ते गिटला ठाऊकच आहे. का बदललं ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. ‘कटऑफ ३० धरून मोजला. व्याख्येत किंवा-जास्त असं आहे, आधी ३० च्या नोंदी गळत होत्या. मार्चपासूनचे तक्ते पुन्हा काढावे लागतील.’ असे तीन वाक्यांचे मेसेज मी वर्षांनंतर वाचले आहेत आणि प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याचे मनातून आभार मानले आहेत. निकालावर परिणाम करणारा बदल ब्रँचवर (वेगळ्या फाट्यावर) करा आणि मर्ज करण्याआधी (मुख्य कामात मिसळण्याआधी) दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. वाचणाऱ्याने कोडच्या सौंदर्यावर वेळ घालवू नये. या बदलाने आकडे बदलतात का, बदलत असतील तर किती आणि का, एवढंच विचारावं. त्या बनावट डेटावर आधी आणि नंतर चालवून दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की उत्तर मिळतं.

आणि आकडे बदलले, पण कुठल्या कमिटने ते कळत नाही, अशी वेळ आली तर ‘गिट बायसेक्ट’ आहे. बरोबर असलेला एक जुना कमिट आणि चुकीचा असलेला एक नवा सांगा. तो मधला काढून देतो, तुम्ही चालवून बरोबर की चूक सांगता, तो उरलेल्या निम्म्यातला मधला देतो. मध्ये १०० कमिट असले तरी सुमारे सात वेळा तपासून नेमका कमिट सापडतो.

आता ज्या दोघांना गिट येत नाही ते. त्यांना प्रशिक्षण देऊन सुरुवात करू नका. ब्रँच, रिबेस, मर्ज कॉन्फ्लिक्ट हे शब्द पहिल्या दिवशी ऐकले की माणूस मागे सरतो, आणि त्यात त्याची चूक नसते. त्यांना फक्त स्क्रिप्ट चालवायच्या असतील तर क्लोन एकदा, मग रोज पुल, आणि काही विचित्र वाटलं तर स्टेटस, एवढंच पुरतं. हे तिन्ही व्हीएस कोडमध्ये बटणांनी होतं. झिप उतरवून घ्यायची सवय मात्र लावू देऊ नका. झिपमध्ये इतिहास नसतो, मग शिक्का रिकामा येतो.

आमच्याकडे एक सहकारी होत्या, माझ्याहून दहा वर्षं ज्येष्ठ. सगळ्यांत महत्त्वाची स्क्रिप्ट त्यांची, आणि त्यांना गिट नको होतं. मी त्यांना काही समजावलं नाही. त्यांच्या ड्राइव्हवरच्या अकरा प्रती तारखेप्रमाणे लावून, वर सांगितलं तसं एकेक कमिट केल्या आणि ‘गिट लॉग’ला ‘पी’ पर्याय (प्रत्येक कमिटमधले बदल दाखवणारा) देऊन पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या खाली सरकत वाचत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे मी काढलं होतं होय? हे काढायला नको होतं.” दोन वर्षांपूर्वी गळलेली ती तपासणी त्यांनी त्याच दिवशी परत जोडली, आणि तो त्यांचा पहिला कमिट. मेसेज त्यांनी स्वतः लिहिला, चांगला पाच ओळींचा.

गटाबाहेर शेअर करणार असाल तर रेपोमध्ये लायसन्सची फाइल हवी. ती नसेल तर लोकांना स्क्रिप्ट दिसते, पण ती वापरण्याची किंवा बदलण्याची परवानगी त्यांना मिळालेली नसते. संशोधनासाठी वापर होणार असेल तर गिटहबवरची रिलीज झेनोडोला जोडा. ही सेवा सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते, आणि तिथून त्या आवृत्तीला डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, जो लेखात देता येतो.

राहिलं ड्राइव्हवरचं जुनं फोल्डर. ते लगेच पुसू नका. फक्त वाचता येईल असं करून ठेवा आणि आत सगळ्यात वर दिसेल अशा नावाची एक मजकूर फाइल टाका: स्क्रिप्ट आता कुठे आहेत, कोणाला विचारायचं, आणि हे फोल्डर कुठल्या तारखेला काढलं जाईल. तीन महिने द्या. त्या काळात कोणाचा तरी क्रॉन अजून तिथूनच स्क्रिप्ट उचलतो आहे हे हमखास लक्षात येईल. तो रेपोवर वळवा, मगच फोल्डर काढा.